पल्याडपर्यंतची बॅटरी

"ही पल्याड जाऊन माघारी येती का, तेवढं सांग," बा पुन्हा म्हणाला.

कामशेतच्या दुकानात निलेशने दोन बॅटऱ्या फरशीवर मांडल्या होत्या. एक मोठी, इन्व्हर्टरला लावतात तसली. दुसरी लिथियमची, बुटाच्या खोक्याएवढी. पैसे दोन्हींना सारखेच.

"मोठी जाईल की, आबा. छोटी निम्म्या पाण्यापर्यंत. वारं सुटलं तर तेवढंही नाही."

"मंग बारकी दावतो कशाला? पोरीच्या खेळण्यात घाल."

बा दारापर्यंत गेला, उगाच रस्ता बघून परत आला. पावसात घसरून पडल्यापासून त्याचा उजवा हात वर जात नव्हता. वल्हं सुटलं, होडी वडिवळ्याच्या धरणाकाठी पालथी पडून राहिली. पल्याड कड्याखालच्या डोहात जाळं टाकायला त्याच्याशिवाय कुणी जात नसे. बाजारात लोक बाच्या नावाने मासा मागायचे, 'बहिरूचा कटला आला का' म्हणून. शेवटी माझ्या भावाने, तुषारने, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवरच्या होडीची, बॅटरीवर चालणारी जुनी मोटार आणून दिली. तेव्हापासून बाला एका जागी बसवत नव्हतं.

माझ्या कडेवर माझी पोर, सृष्टी, कुरकुरत होती. तिला थोपटत मी विचारलं, "पण बा, काठावर लाइट कुठंय? चार्ज कुठं करणार?"

"घरी. सांजंला वर न्यायची, सकाळी खाली आणायची. त्यात काय?"

"कोण नेणार?"

"मी हाय की!"

त्याने डाव्या हाताने मोठी बॅटरी उचलायला घेतली. एक कोपरा जरासा उठला आणि बसला.

"फरशीला चिकटवलीय का काय रं ही?"

निलेश हसला. बा हसला नाही.

इतका वेळ स्टुलावर बसलेली आई उठली. पिशवीत हात घालून तिने चुंबळ काढली. जुन्या लुगड्याची, हिरव्या काठाची. घरात नळ आला तेव्हापासून ती खुंटीला होती. मानेतून कळ निघून आईची बोटं बधिर व्हायची, म्हणून डॉक्टरांनी डोक्यावर ओझं बंद करायला सांगितलं होतं. आज घरून निघतानाच तिने ती पिशवीत टाकली होती.

तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, पदर खोचला. "निलेशभाऊ, हात लाव जरा."

"मावशी, तिरकी झाली तर अ‍ॅसिड सांडेल हां."

"भरला हंडा न्हाई सांडला कदी, ही काय सांडती!"

निलेश वाकला. बा त्या हिरव्या काठाकडे बघत राहिला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"का? पल्याड जायचं न्हवं तुमास्नी?"

"लय येळा गेलो पल्याड. बारकी बांध रं."

"आबा, मगाशी तर खेळण्यात घाल म्हणालात..."

"बांध म्हनलो ना!"

दुसऱ्या दिवशी मोटार लागली. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज नसलेली होडी आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. सृष्टी हात नाचवत होती. आई काठावर उभी. निम्म्या पाण्यात होडी थांबली. बा तिथंच जाळं सोडून कड्याकडे तोंड करून बसला होता. बराच वेळ. मग होडी वळली.

काठाला लागल्यावर आईने बॅटरीसाठी हात पुढे केले. बाने त्यात जाळं ठेवलं. थोड्याशा चिलाप्या होत्या, हलकं होतं.

बॅटरी डाव्या काखेत मारून तो चढणीला लागला.