पोटावरचे पाणमांजर

मित्रांनो, तान्ह्या पोळ्याला पोरे दोरी बांधून ओढतात ना, तसला मी सागवानाचा जुना नंदी आहे. चांदा जिल्ह्यातल्या मूल शहराजवळ तळ्याकाठच्या गावात बिरजू सुताराने मला घडवले. शालिकराम ढिवराने मला त्याच्या लेकीसाठी, गिरजासाठी घरी आणले.

शालिकराम तळ्यात जाळे टाकी, तेव्हा गिरजा काठावर माझ्या पाठीवर हात ठेवून बसे. पोळ्याला मला बेगड, कवड्या, घुंगरू. "नंदी पाहावा त गिरजाचा!" म्हणत शेजारची शकुबाई मला ओवाळायची. मी फुलून जायचो.

मग गिरजाच्या मनसाराममामाने वरोऱ्याच्या बाजारातून एक चित्रकथा आणली. पातळ कागद, दोनच रंग. नदीनदीने समुद्राकडे निघालेल्या एका पाणमांजराची गोष्ट. गिरजा तिच्यावर अशी भाळली, की माझ्या चाकात गवत अडकलेलेही तिला दिसेना. दुसरा भाग आला, तिसरा आला. ते तिच्या उशाशी आणि मी कोपऱ्यात! खरे सांगतो, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिसऱ्या भागाच्या शेवटी पाणमांजर जाळ्यात सापडले होते. पुढच्या खेपेला मामा रिकाम्या हाताने आला.

"मामा, चौथा भाग काऊन नाई आणला?"

"निघतच नाई आता, बाई. छापखानाच बंद झाला."

"मंग थे जाळ्यातच राह्यलं का?"

गिरजा मुसमुसून रडली. मी मात्र मनातल्या मनात हसलो. आता ही पुन्हा माझी!

पोळ्याच्या सकाळी तिने मला मांडीवर घेतले. चुना, गेरू, काजळी कालवलेली होती. मला वाटले, शिंगे रंगणार. पण तिने माझ्या पोटावर फाटके जाळे काढले आणि त्यातून सुळकन निसटणारे पाणमांजर! चौथा भाग तिने माझ्यावरच काढला होता. गावची पोरे भोवती जमली. "पाणमांजर पाहू दे ना वं!" माझ्या शिंगांकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

पुढे उधळीने, म्हणजे वाळवीने, ते तिन्ही भाग खाऊन टाकले. गिरजाचे लग्न धानोऱ्याला ठरले. तिची आई ताराबाई म्हणाली, "नंदी राहू दे इथी. सासरी का खेळतं?"

"नाई माय, त्याच्यावर माहं पाणमांजर आहे."

म्हणजे मी सासरी आलो तो त्याच्यामुळे! वाटभर मी धुमसत होतो.

परवा गिरजाची धाकटी नणंद रंभा ओले फडके घेऊन मला पुसायला बसली. जाईल एकदाची ही ब्याद, असे मला वाटले. पण पाणमांजराच्या शेपटीचा गेरू ओघळू लागला आणि मीच धास्तावलो. तेवढ्यात गिरजा धावत आली. "अलगद, रंभा! इतकंच उरलं आहे त्याचं."

मित्रांनो, माझा हेवा अजून गेलेला नाही. तरी एक विनंती करतो. जुने लाकूड पुसायचे तर कोरड्या फडक्याने पुसा. माझी शिंगे कशीही घासा, पोट तेवढे जपा.