वाकलेल्या मेणबत्त्या

“पिंकस, त्यांची आता केळी झालीत, केळी. सोल आणि खा,” मुबिता दारातूनच म्हणाला.

पपांनी वर पाहिलं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यानं कपाटावरच्या दोन्ही मेणबत्त्या पुन्हा वाकल्या होत्या. कोमट पाण्यातून काढून पपा त्या टेबलावर तळहाताखाली हलकेच लाटत होते. मधूनच एक उचलून, एक डोळा मिटून तिच्याकडे बघायचे. दुकानात चाकाची तार सरळ झाली का बघतात, तसं.

“तुला काय कळतंय? तुझ्या घरी बायको आहे.”

“ती माहेरी गेली की मी उपाशी बसतो होय? चूल पेटवतोच ना!”

“चूल कुणीही पेटवेल. शुक्रवारच्या मेणबत्त्या सूर्य मावळायच्या आत घरच्या बाईनं लावायच्या.”

“मग ही कोण? पाहुणी?” मुबितानं माझ्याकडे बोट केलं.

“लोरे मुलगी आहे,” पपा म्हणाले. “बाई यायचीय.”

आम्ही तिघंही हसलो. दर शुक्रवारी थोड्याफार फरकानं हेच चालायचं. आम्ही ज्यू; शुक्रवारच्या संध्याकाळी आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, सुरू होतो. इथं आफ्रिकेत, लिव्हिंगस्टनच्या बाजारात पपांचं सायकलचं दुकान होतं आणि मुबिता तिथं नोकर होता. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी त्यानं ‘मालक’ म्हणणं सोडलं. दुपारी पपांनी त्याला भागीदार करून घेतलं. “इतक्या मोठ्यानं नावानं हाका मारणारा नोकर परवडत नाही,” असं ते गावभर सांगत.

मी तळलेली नदीची मासळी मांडली, वेणीसारखा गुंफलेला पाव फडक्यानं झाकला. पपांनी सरळ झालेल्या मेणबत्त्या पितळी शमादानांत बसवल्या आणि टेबलाच्या मधोमध ठेवल्या. सूर्य मावळला. न पेटलेल्या त्या दोन मेणबत्त्यांपुढं आम्ही विजेच्या दिव्यात जेवलो. मुबितानं दोनदा मासळी मागून घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाला.

ती शमादानं माझ्याच पेटीतून आली होती. पपा ब्रेस्लाऊहून आधी निघाले; तेव्हा इथं यायचा परवाना एकट्यालाच मिळाला होता. पुढं आईचा आणि माझा आला, तर आजी अंथरुणाला खिळलेली आणि तिच्या परवान्याचा पत्ता नव्हता. मी चार वर्षांची होते. पपांच्या चुलतबहिणीच्या हातात माझा हात देऊन आईनं मला हँबुर्गला बोटीवर चढवलं. “आजीचं झालं की आलेच मी पाठोपाठ,” ती म्हणाली. “पपांना सांग, मेणबत्त्या मी आल्यावर लावीन.” एवढाच निरोप बोटीवर रोज घोकत मी आफ्रिकेत आणला आणि धक्क्यावर पपांना पोचवला. पुढं लढाई सुरू झाली.

पंधराव्या वर्षी बुलावायोला शाळेत असताना ब्रेस्लाऊची एक शिवणकाम करणारी बाई भेटली. तिला सगळं ठाऊक होतं. हिवाळ्याच्या तोंडावर ज्यूंना पूर्वेकडं नेणाऱ्या गाडीत आई आणि आजी दोघींना चढवलं होतं. आजीला खुर्चीसकट उचललं होतं. त्या गाडीतलं कुणी परतलं नाही. सुट्टीत घरी आले तो शुक्रवार होता. पपा मेणबत्त्या लाटत होते. “बघ गं, सरळ झाल्या का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “झाल्या.” आणि ताटं मांडली.

पुढं मी इथल्याच शाळेत शिकवू लागले. अनेक शुक्रवार गेले.

केळ्यांच्या थट्टेच्या त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी दुकान उघडताना पपा पायरीवर बसले. “किल्ली तू लाव,” मुबिताला म्हणाले. कुलूप निघालं, दार उघडलं, तरी ते उठले नाहीत.

गावात आमची माणसं फारशी उरली नव्हती. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. काही लुसाकाहून मोटारीनं आले, पपांना मातीत ठेवून परत गेले. मी सुतकात घरी जमिनीलगत बसले, आमच्या रीतीप्रमाणे. मुबिता रोज यायचा. खुर्ची पुढं केली तर “तू खाली बसणार आणि मी वर? पिंकस उठून बसेल,” म्हणायचा, आणि माझ्याशेजारी फरशीवर बसायचा.

गुरुवारी त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. जाड काचेचा एक दिवा. काठाशी काजळी धरलेली.

“दुकानाच्या मागच्या खोलीतला आहे. आता तुझ्याकडे असू दे.”

“कसला दिवा?”

“तुझ्या आईचा.”

गेलेल्या माणसाच्या तिथीला आमच्यात असा दिवा लावतात.

“पिंकस वर्षातून एकदा लावायचा. दार अर्धं ओढून घ्यायचा, रात्रंदिवस जळू द्यायचा. ती कुठल्या दिवशी गेली ते कळलंच नाही म्हणे. मग तिनं तुला बोटीवर चढवलं, तोच दिवस धरला.”

“कधीपासून?”

“मी नोकरीला लागलो तेव्हा लावतच होता. मी एकदा म्हटलंसुद्धा, मालक, हा घरी लावायचा दिवा दिसतोय, इथं टायरांमध्ये कशाला? तर म्हणाला, घरी लोरे आहे. निरोप तिनं आणलाय. ती अजून वाट बघतेय.”

मुबितानं फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शब्बाथला जमिनीवर बसत नाहीत. मी उठले, तोंड धुतलं, टेबलावर पांढरं कापड अंथरलं. कपाटावरच्या मेणबत्त्या पुन्हा वाकल्या होत्या. मी पाणी कोमट केलं, पण त्यात त्या बुडवल्या नाहीत. तशाच शमादानांत बसवल्या. एक खिडकीकडे झुकली, एक पपांच्या खुर्चीकडे.

सूर्य अजून झाडांवर होता. दारात मुबिता उभा राहिला. त्यानं सवयीनं टोपी काढली, मग आमची रीत आठवून परत घातली.

वाती जुन्या होत्या. पहिली काडी फुकट गेली. दुसरीनं वाती पेटल्या. मी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. हात असे घ्यायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं; ते आईचं पाहिलेलं होतं, फार पूर्वी, टेबलाच्या उंचीवरून.

“पपा,” मी मोठ्यानं म्हटलं, “आई येणार नाही.”