माझ्या वाकण्याचं गणित

मी दिसते ताठ, पण माझं सगळं आयुष्य वाकण्यात गेलं. स्प्रिंगच्या पोलादाची मी एक पट्टी. एक मीटर लांब, दोन बोटं रुंद आणि तीन मिलिमीटरला जरा कमी जाड. आज तोंड उघडतेय, कारण एकदा माझ्यावर खोटा आळ आला होता आणि ज्यांनी तो घेतला त्यांनीच तो परत घेतला. पोलादाच्या नशिबी असं क्वचितच येतं.

भट्टीतलं फारसं आठवत नाही. लालबुंद झाले, तेलात बुडाले, अंग चर्र झालं आणि एक जिद्द मुरली: कोणी कितीही वाकवलं तरी सोडताच सरळ व्हायचं. एवढ्या शिदोरीवर मी मास्तरांच्या कारखान्यात आले.

मास्तर कारखान्याचे मालक. फळ्यांचे टेकू आणि जिन्याचे कठडे बनवायचे. भिंतीवर त्यांच्या वडिलांनी हाताने लिहिलेला तक्ता होता: पट्टी किती लांब, किती जाड, ओझं किती, तर टोक किती खाली जाईल. तक्ता तुळईच्या सूत्रावरून केलेला. तो कधी चुकला नव्हता, कारण त्या कारखान्यातलं काहीच कधी नखभरापेक्षा जास्त वाकलं नव्हतं.

मग एका सकाळी मावशी आणि भाची आल्या.

मावशी दुकानांच्या पाट्या रंगवायची. गावातला न्हावी, चांभार, औषधवाला, सगळ्यांची नावं तिच्या अक्षरात. पण आजारपणात तिच्या उजव्या खांद्यातली ताकद गेली. बोटं शाबूत, मनगट शाबूत, हात मात्र वर उचलेना. भाची लांब शिकून नुकतीच परतलेली, डोक्यात एकच ध्यास: मावशीचा हात परत पाटीपर्यंत न्यायचा.

तिची कल्पना सोपी होती. खुर्चीमागे खांब, खांबाच्या टोकाला एका बाजूने घट्ट आवळलेली मी, मावशीच्या खांद्यावरून पुढे गेलेली. माझ्या मोकळ्या टोकाला कापडी झोळी आणि झोळीत मावशीचं मनगट. हाताचं ओझं मी पेलायचं, मावशीने फक्त ब्रश चालवायचा.

हात ताणकाट्यावर मोजला. दोन किलो. मास्तरांनी तक्त्यावर बोट फिरवलं. "सदुसष्ट सेंटिमीटर खाली येईल. डोळे मिटून लिही."

खांब त्या हिशेबाने कापला आणि खुर्चीला वेल्ड करून टाकला.

मावशी बसली, मनगट झोळीत घातलं, मास्तरांनी हात सोडला. मी वाकले, जेवढं मला वाकता येतं तेवढं. आणि मावशीचा हात कानाजवळ जाऊन थांबला. ब्रशचा लाल फटकारा तिच्या गालावर.

"अगं, हा हात माझा आहे की चौकातल्या हवालदाराचा?" मावशी हसली. सगळेच हसले. मग तिने डाव्या हाताने झोळी सोडली, गाल पुसला आणि तिचं हसू विरलं.

"पुरे झालं गं. आता माझा तमाशा नको करूस."

"मावशी, आणखी एकदाच."

"एकदाच. नाही जमलं तर ब्रश वाटून टाकणार मी. नुसते समोर दिसले की जीव तुटतो."

ती गेल्यावर मास्तरांनी मला खांबावरून काढलं, टिचकी मारली आणि म्हणाले, "माल खोटा आहे. पट्टी नको तितकी ताठ निघाली. हिच्यापेक्षा पातळ घे."

माल खोटा! मी भंगाराच्या ढिगावर पडून ऐकत होते. मी जशी होते तशीच वाकले होते. यात खोटं काय?

भाचीने पातळ पट्टीचा हिशेब तक्त्याच्याच सूत्राने मांडला. उत्तर आलं आणि तिचं पेन थबकलं.

"मास्तर, ही पातळ पट्टी किती लांब?"

"एक मीटर. आहे ना समोर."

"मग मीटरभर पट्टीचं टोक एकशे तेहतीस सेंटिमीटर खाली कसं जाईल?"

मास्तरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. "रबराची असेल तर जाईल," ते म्हणाले, पण आवाज पडला होता.

मग भाचीने मला ढिगातून उचललं आणि एका बाजूने शेगड्याच्या पकडीत घट्ट आवळलं. दोन किलोचं वजन टांगलं. टोक सदुसष्टऐवजी एकोणपन्नास सेंटिमीटरवर थांबलं. ती म्हणाली, "तुळईचं सूत्र धरून चालतं की पट्टी जेमतेम वाकेल, टोक सरळ खाली उतरेल. पण ही बघा, गवताच्या पात्यासारखी वळलीये. टोक खाली जाता जाता सोळा सेंटिमीटर आतही आलंय. ओझं आत सरकलं की त्याचा जोर कमी होतो. मग ती आणखी कशाला वाकेल?"

"म्हणजे माझ्या बापाचा तक्ता चुकीचा?"

"नाही हो. टेकूसाठी अगदी बरोबर आहे. ही तुळई राहिलीच नाही, लवचीक सळी झाली. सळीचा सिद्धांत वेगळा. कितीही वाकली, वळली, पिळली तरी तो तिची साथ सोडत नाही."

मग तिने जे केलं ते आठवलं की आजही माझ्या अंगावरून शिरशिरी जाते. कागदावर तिने माझे शंभर तुकडे केले. एकेका तुकड्याला विचारलं, ओझं तुझ्यापासून किती दूर, मग तू शेजारच्यापेक्षा किती वळणार? दुपारभर ती माझ्याशी अशी बोलत होती आणि मी गप्प पडून होते. संध्याकाळी तिने माझ्यामागे पांढरा पुठ्ठा लावला आणि मी कुठून कुठे वळेन त्याचे ठिपके त्यावर काढले. तीन किलोंसाठी. तोवर मी तीन किलो कधी उचललेच नव्हते!

"तक्ता म्हणतो टोक शंभरावर जाईल, म्हणजे ही सरळ खाली लोंबेल," ती म्हणाली. "मी म्हणते साठ. आणि पंचवीस आत."

"लागली चहाची पैज," मास्तर म्हणाले.

वजन टांगलं. मी उतरत गेले, थरथरले, स्थिर झाले. ठिपके दिसेनासे झाले. ते सगळे माझ्या आड गेले होते. मी अजून घेतलंच नव्हतं ते वळण, एका मुलीने बसल्या जागी ओळखलं होतं. इतकं नेमकं मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं. हात लावणाऱ्यांनीही नाही.

मास्तरांनी पुठ्ठ्याजवळ वाकून एखादा ठिपका बाहेर राहिलाय का ते पाहिलं. मग माझ्या पाठीवर बोट फिरवून म्हणाले, "माल खरा आहे." त्यांनी चहा सांगितला. तक्त्याखाली स्वतःच्या हाताने ओळ लिहिली: लांबीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वाकत असेल, तर इथे विचारू नये.

खांब कापून अठरा सेंटिमीटर उतरवला, पाटी सोळा सेंटिमीटर जवळ घेतली. मावशी आली ती तोंड मिटूनच. मनगट झोळीत घातलं. भाचीने श्वास रोखला. मी मात्र निर्धास्त होते, कारण कुठे थांबायचं ते मला ठाऊक होतं.

हात पाटीसमोर येऊन तरंगला. मावशीने तो डावीकडे नेला, मी थोडी पिळले. खाली आणला, थोडी वाकले. तिने एक उभी रेघ ओढली, वरून खाली, सावकाश. रेघेकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"रंग कोणी कालवलाय हा?" मावशी कडाडली. "पाण्यासारखा ओघळतोय. ह्या रंगात मी काम करत नसते. दुसरा आण, आणि घट्ट आण."

भाची डबा घ्यायला धावली, डोळे पुसत.

आता मी रोज मावशीच्या खांद्यावर असते. माझ्या कडेला थोडा गंज दिसू लागलाय. तेलाचं बोट फिरवलं तर बरं. तुम्हाला एवढंच सांगणं: कोणी तुमच्या अंदाजाइतकं वाकलं नाही, तर त्याला खोटं म्हणण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ओझं तुझ्यापासून किती दूर आहे? बरं, येते. मावशीने हाक मारलीये, औषधवाल्याची पाटी अर्धी राहिलीये.