बारापर्यंतचं मौन

माझ्या नेमाचा तो एकोणचाळिसावा दिवस होता. उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असे चाळीस दिवस, यांच्या डोळ्यांसाठी. पहाटेची जपमाळ आणि जेवणाआधीची प्रार्थना लग्नाच्या आधीपासूनची. मौन मात्र पहिल्यांदाच धरलं होतं. यांना ते फार मानवलं. "पस्तीस वर्षांत मिळालं नाही ते सुख आता मिळतंय," असं शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. मी आतल्या आत हसायची.

हे तेहतीस वर्षं आगगाडीचे ड्रायव्हर. डोळ्यांच्या डॉक्टरवर यांचा राग जुना. दरवेळी तपासणी जवळ आली की आठ दिवस आधीपासून घरात कुणाला घास गोड लागायचा नाही, कारण त्या खोलीत नापास झालेला माणूस पुन्हा इंजिनावर चढत नसे. शेवटच्या वर्षी हेही नापास झाले आणि इंजिनांच्या शेडमधल्या टेबलापाशी बसून निवृत्त झाले. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनच्या दोन तारखा यांनी पोटदुखीच्या नावावर घालवल्या. तिसरी आमच्या थोरलीनं घेतली आणि फोनवर सांगितलं, "बाबा, आता आणखी थांबलात तर डॉक्टरांच्याही हातात राहणार नाही म्हणे."

दवाखाना नव्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनासमोर. मेट्रोला ड्रायव्हर नाही, हेही थोरलीनं मुद्दाम सांगून टाकलं. ती बापाला चांगली ओळखून आहे.

"ड्रायव्हर नाही? मग आम्ही इतकी वर्षं काय माश्या मारत होतो?" हे म्हणाले. पण दोन दिवस घरात येरझाऱ्या चालल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून, काठी घेऊन दारात उभे.

"येतोय तो गाडी बघायला. दवाखान्याचं नंतर. वाटेत सिग्नल दिसले तर दवाखान्यात येईन. नाही दिसले तर आल्या पावली परत. ज्या डोळ्यांना सिग्नलचा दिवा दिसत नाही, त्यांत डॉक्टर काय उजेड पाडणार?"

मी मान हलवली. मग यांना ती दिसत नाही हे आठवून मनगटावर दोनदा बोट टेकवलं. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही, एवढीच आमची सकाळची भाषा.

सरकत्या जिन्यानं वर गेलो. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेची भिंत, तिला काचेची दारं. गाडी कधी आली ते मला कळलंच नाही, इतकी ती हलक्या पावलांनी आली. गाडीचं दार भिंतीच्या दारासमोर नेमकं थांबलं आणि दोन्ही एकदम उघडली. यांनी आत शिरता शिरता दोन्ही चौकटींवर हात फिरवला.

"वीतभर सोड, बोटभरही चुकली नाही," म्हणाले. "मला हे साधायला सहा वर्षं लागली."

पहिल्या डब्यात, जिथे ड्रायव्हरची खोली असायची, तिथे नुसती मोठी काच होती आणि तिच्यासमोर दोघांपुरतं बाक. आम्ही तिथेच बसलो. गाडी निघाली तसा यांचा डावा हात गुडघ्यावर, इंजिनाचा दांडा धरल्यासारखी मूठ करून बसला, उजवा पाय पुढे सरकला.

हे शहर मी चाळीस वर्षं पायी ओळखत आले. बाजार, शाळा, प्रार्थनेची जागा, थोरलीचं घर. खालून बघितलं की सगळीकडे भिंतीच दिसतात. वरून ते किती मोकळं आहे हे मला माहीत नव्हतं. गच्चीवर कुणीतरी उश्या उन्हात घातल्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत एक शिंपीण ओठांत टाचण्या धरून शिवत होती, माझ्यासारखीच गप्प. पाण्याच्या टाकीला रंग देणारा माणूस आमच्या अगदी बरोबरीला आला आणि त्यानं ब्रश हलवला. मग नदी लागली. ती आमच्या रस्त्यापासून इतकी जवळ वळते, हे मला आज कळत होतं. इतकं देखणं सगळं रोज शेजारी असताना आपण खाली बघून चाललो, असं वाटून गेलं. हात आपोआप जोडले गेले.

यांचं मात्र बाहेर लक्ष नव्हतं. डोळे बारीक करून रुळांवर नजर लावली होती. इंजिनात अशी रीत असते: सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्यानं रंग सांगतो, असिस्टंट तोच पुन्हा उच्चारतो, आणि दोघांचं जुळलं की गाडी पुढे. यांनी ती सवय घरीही आणली. हे म्हणणार "दार बंद," मी आतून म्हणायचं "दार बंद." मगच आम्ही निजायचो.

आज यांचे ओठ रंग सांगायला तयार होऊन बसले होते. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं. पाचवं गेलं तेव्हा गुडघ्यावरची मूठ सुटली होती.

"रूळ दिसतात," हे हळूच म्हणाले. "धुक्यात असल्यासारखे, पण दिसतात. दिवा एकही दिसला नाही. पाच स्टेशनांत दहा-बारा तरी असणार. एकही नाही." डोळे चोळून म्हणाले, "रंगच गेले म्हणायचे."

मी समोर बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दिवा नव्हता. दिव्याचा खांबही नव्हता. मी घाईनं यांच्या मनगटावर एकदा बोट टेकवलं. नाही, नाही.

"नाही ना? तुलाही कळलं." यांनी माझा हात थोपटला. "पुढच्या स्टेशनावर उतरू. थोरलीला मी सांगेन, तू काही बोलू नकोस."

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. कागदावर लिहून दाखवावं तर वाचणार कोण? पुढच्या स्टेशनाचं नाव पुकारलं गेलं आणि हे काठी शोधायला वाकले. नेम यांच्या डोळ्यांसाठी होता. तो पाळून यांना वाटेतूनच परत नेलं असतं, तर तो कुणासाठी पाळला, असं देवानंच मला विचारलं असतं.

"अहो, नाहीतच," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला.

हे वाकलेलेच राहिले. "अगं, बारा वाजायचेत."

"या लाईनीवर सिग्नलच नाहीत. लाल नाही, हिरवा नाही, खांबसुद्धा नाही. मी बघतेय ना."

गाडी थांबली, दारं उघडली, दारं मिटली. हे उठले नाहीत. काठी मांडीवर आडवी घेऊन म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून तू नेम मोडणार नाहीस."

"नाही मोडणार."

"म्हणजे खरंच नाहीत."

त्या स्टेशनावर निळ्या जॅकेटातली मेट्रोची एक कर्मचारी डब्यात चढली होती. यांनी तिलाही विचारून घेतलं. "नाहीतच काका," ती म्हणाली. "पुढे वाट मोकळी आहे की नाही, ते गाडीला आतल्या आतच कळतं."

"मग तुम्ही कशाला?"

"तुमच्यासारखे विचारतात, त्यांना सांगायला."

हे खो खो हसले. कितीतरी महिन्यांनी. मग पाय मागे घेऊन आरामात टेकून बसले आणि म्हणाले, "तेहतीस वर्षं मी या शहरातून गेलो, पण रंगाशिवाय काही बघितलं नाही. आता मोडलंच आहेस, तर सांग काय दिसतंय."

मी उश्या सांगितल्या, शिंपीण सांगितली, नदीचं वळण सांगितलं. पुढे शाळेच्या मैदानावर सगळ्या मुली एका रांगेत दोरीवर उड्या मारत होत्या, तेही सांगितलं. हे मध्येमध्ये विचारत होते, "कुठल्या बाजूला?" देवाला जे सांगायचं ते मी एका वळणावर मनात सांगून टाकलं: उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.

शेवटच्या स्टेशनावर हे माझ्या आधी उतरले.

दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत यांना उंच खुर्चीवर बसवलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर मी बसले. यांचे खांदे जुन्या तपासणीसारखे ताठ झालेले मला तेवढ्या अंधारातही कळले. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासमोर बारीक दिवा धरला, त्यावर रंगीत काच सरकवली.

"आजोबा, कुठला रंग दिसतो?"

हे दिव्याकडे किंचित झुकले. मग घसा साफ करून इंजिनातल्या आवाजात म्हणाले, "हिरवा."

"हिरवा," मी म्हणाले.

डॉक्टर वळून म्हणाले, "आजी, तुम्हाला नाही विचारलं."

"बोलू द्या हो तिला," हे म्हणाले. खांदे खाली आले होते. "त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. दुसरी काच लावा."