व्याहीबुवा आणि चढावरची शिट्टी

"अहो, कठडा कुठे गेला?"

सकाळी मी बादली घेऊन पायऱ्या उतरत होते. सवयीनं आधाराला हात टाकला तर हाताला लागली नुसती हवा. बादलीसकट खालच्या पायरीवर आपटले. कठडा म्हणजे पायऱ्यांच्या कडेची जाड स्टीलची नळी. माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा आमच्या ह्यांनीच मोठ्या कौतुकानं बसवून घेतली होती. आता तिथे दोन खुंट उभे, आणि वर कापल्याची चकचकीत जागा.

अंगणात आमची जुनी पिकअप जबडा वासून उभी होती. तिच्या बॉनेटखालून ह्यांचा आवाज आला, "सगळा नाही गं नेला. वाकणापुरताच घेतलाय."

"आणि मी काय वाकणापुरतीच पडू?"

बॉनेटच्या दुसऱ्या बाजूनं एक काळंकुट्ट तोंड वर आलं. तो आमचा फिटर. नटाखालच्या चकतीसारखा बसका, गोल, मधोमध कमरेला पट्टा आवळलेला, म्हणून सगळे त्याला वायसर म्हणतात. त्याची आईसुद्धा म्हणायची. "वहिनी, रागावू नका," तो म्हणाला. "गावभर हिंडलो. असं गोलाईदार वाकण कुठे मिळेना. तुमच्या गुडघ्यांची कृपा."

मी ओली चिंब तशीच त्याच्याकडे बघत राहिले. हसू येत होतं, पण आलेलं दाखवलं असतं तर उद्या दोघांनी खिडकीचे गज नेले असते.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगते.

आमचं गाव आणि बाजार यांच्या मधे एक टेकडी पडते. पलीकडे उतरलं की बाजार. गावाचा कोबी, फ्लॉवर, कांदा वर्षानुवर्षं आमची पिकअपच नेते. गाडी आमच्या लेकीहून वयानं मोठी. सपाटीवर लाखात एक, पण माल भरून चढाला लागली की पहिल्या गिअरमधे रडायची. आमचा फ्लॉवरवाला शेजारी तर अर्ध्या चढावर गाडीतून उतरायचा, झुडपाआड जाऊन यायचा, आणि रमतगमत चालत येऊन पुन्हा चढून बसायचा. गाडी थांबवायची गरजच पडायची नाही.

एवढं असूनही चाललं होतं. पण शेजारच्या गावातल्या आमच्या व्याह्यांनी नवीकोरी पिकअप घेतली आणि ह्यांच्या झोपेचं खोबरं झालं. व्याही म्हणजे आमच्या एकुलत्या एक लेकीचे सासरे. रोज पहाटे त्याच चढावर ते मागून यायचे, दोनदा हॉर्न मारायचे, शेजारून जाताना काच खाली करून म्हणायचे, "व्याहीबुवा, सावकाश या हं! घाई नाही!"

लेक त्यांच्या घरात. तोंड उघडायची सोय नाही. हे एका हातानं स्टेअरिंग धरायचे, दुसऱ्या हातानं नमस्कार करायचे आणि दात दाखवायचे. व्याही पुढच्या वळणावर गेले की जे काय बोलायचे, ते मी इथे सांगत नाही.

बरं, प्रश्न नुसत्या नमस्काराचा असता तर मीही हसून सोडला असता. पण बाजारात आधी पोचेल त्याचा माल आधी उचलला जातो. उशिरा येणाऱ्या कोबीला कोण विचारतो? हळूहळू आमच्याच गावची माणसं माल व्याह्यांच्या गाडीत टाकायला लागली. एक दिवस आमची पिकअप अर्धी रिकामी गेली. त्या दिवशी घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, "एकतर ही चढेल असं काहीतरी करा, नाहीतर भंगारात घाला. मला रोज हिच्यात बसून पायी चालणाऱ्यांना नमस्कार करायचा कंटाळा आलाय."

तिथून हे वायसरकडे गेले, आणि वायसर भंगारवाल्याकडे. एका मोडीत निघालेल्या ट्रकचा टर्बो उचलून आणला. गोगलगायीसारखी दिसणारी लोखंडी वस्तू, माझ्या मोठ्या पातेल्याएवढी.

"हे करतं काय?" मी विचारलं.

"वहिनी, चुलीला फुंकणीनं फुंकलं की जाळ कसा होतो? तसंच. इंजिनाचा धूर सायलेन्सरमधून फुकट जातो ना, तो आधी ह्यातून न्यायचा. त्या धुराच्या जोरावर आतला पंखा फिरतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, डिझेल थोडं जास्त, जोर जास्त."

"म्हणजे हिच्याच धुरानं हिला पळवायचं?"

"अगदी बरोबर!"

मग रोज दुपारी आमच्या अंगणात लोखंडाची कापाकापी. ट्रकचा टर्बो आमच्या इंजिनाला बसेना, म्हणून वायसरनं मधे जोडायला जाड पत्र्याचं गळ्यासारखं काहीतरी वेल्डिंग करून बनवलं. टर्बोला तेल जायला एक बारीक नळी, तेल परत यायला एक जाड नळी. परतीच्या नळीसाठी इंजिनाच्या तेलाचं भांडं काढून त्याला भोक पाडायचं होतं. त्या दिवशी ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. ड्रिलचा आवाज सुरू झाला तसे स्वतःचं पोट धरून बसले. माझ्या कठड्याचं वाकण टर्बो आणि इंजिन यांच्यामधे असं चपखल बसलं की वायसरनं त्याला हात जोडले.

ही बातमी व्याह्यांना कळू द्यायची नव्हती. लेकीलाही सांगितलं नाही. पोरीच्या पोटात काही राहत नाही. एकदा विहीणबाईंचा फोन आला, "गाडी बरेच दिवस दिसली नाही म्हणे रस्त्यावर."

मी आवाज पाडून म्हणाले, "काय सांगू विहीणबाई, अंगणात पडून आहे. पोट फाडून ठेवलंय. हे तर शेजारीच बसून असतात."

"अगं बाई! जपा हो त्यांना."

बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

पहिल्या चाचणीला मागे वाळूची पोती भरली. हे चालवायला, मधे वायसर, खिडकीशी मी. चढ लागला. नेहमीच्या जागी गाडी रडायला लागणार म्हणून मी डोळे मिटले, तर समोरून बारीक शिट्टी ऐकू आली. आधी केटलीसारखी, मग वाढत वाढत कानाला झोंबणारी, आणि गाडीनं पाठीत धक्का दिल्यासारखी उसळी घेतली. हे ओरडले, "चढली! अगं, दुसऱ्यात चढली!" वायसर मांडीवर थापा मारत होता. ती मांडी माझी आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं.

आणि धडाम!

बॉम्ब फुटावा तसा आवाज. काळ्या धुराचा लोट उठला, जोर गेला आणि गाडी मागे सरकायला लागली. ह्यांनी ब्रेकवर उभं राहून गाडी कशीबशी थोपवली, मी उडी टाकून मागच्या चाकांना दगड लावले. माझ्या कठड्याची नळी इंजिनाला जोडणारा रबरी पाइप हवेच्या जोरानं निसटून लोंबत होता.

नेमके तेव्हाच बाजारातून परतणारे व्याही समोरून आले. गाडी थांबवली. कपाळावर हात धरून सगळा धूर बघून घेतला.

"गेली का हो, व्याहीबुवा?"

हे बॉनेटवर पाठ टेकून ऐटीत उभे राहिले. "छे! टायर फुटला."

व्याही गाडीभोवती एक फेरी मारून आले. चारही टायर धडधाकट. "कुठला?"

"स्टेपनीचा," हे म्हणाले.

वायसर खोकत खोकत गाडीखाली गेला आणि व्याही जाईपर्यंत बाहेर आला नाही.

घरी आल्यावर त्यानं नळीच्या तोंडाशी वेल्डिंगचं जाडसर कडं उठवलं, म्हणजे रबर निसटायला जागा राहू नये. वरून दोन दोन क्लिपा आवळल्या. "आता तुटेल ते इंजिन, पण पाइप निघणार नाही," म्हणाला. हा दिलासा ऐकून हे त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

तरी माल भरला. गावातल्यांना मीच दारोदार जाऊन गळ घातली, एकदा बघा, नाही जमलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही. कोबीनं गाडी काठोकाठ भरली. फ्लॉवरवाला शेजारी पोत्यांवर चढून बसला.

चढाच्या पायथ्याशी मागून दोन हॉर्न आले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? दाबा!"

त्यांनी दाबला. केटली उकळायला लागली. शिट्टी चढली, गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. मागचा हॉर्न आणखी एकदा वाजला, मग जरा लांबून वाजला, मग वाजलाच नाही. वरून फ्लॉवरवाला बोंबलत होता, "अहो, थांबवा! मला उतरायचंय!"

"वरती पोचल्यावर!" हे ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाले धूर गेला. काचा बंद होत्या.

बाजारात आम्ही पहिले. कोबी हातोहात उठला. बऱ्याच वेळानं व्याही आले आणि तडक ह्यांच्यापुढे उभे राहिले. बोलले इतकंच, "ती शिट्टी कसली?"

"कुठली? अच्छा, ती होय. हवा मोकळी सोडली की वाजते."

ह्यांनी बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. पण दोन दिवसांनी लेकीचा फोन, रडवेली. "आई, बाबांनी मामंजींना काय सांगितलं? नवी गाडी खोलून बसलेत. म्हणे हिच्यातही टर्बो आहे, मग ही का वाजत नाही? जेवणाच्या ताटांत सगळे नटबोल्ट काढून ठेवलेत. सासूबाई वाढू कशात म्हणून ओरडताहेत."

"वायसरला पाठवू का?"

"नको म्हणतात! स्वतःच जोडणार. आज जोडली, तर एक मूठभर नट उरले. आणि परवा सगळ्यांचे टोमॅटो जायचेत."

मी फोनवर हात ठेवून ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं आनंदानं नाचतील. हे गाडीची किल्ली शोधायला लागले. म्हणाले, "टोमॅटो थांबत नाहीत. त्यांना सांग, आपली गाडी येईल."

त्या पहाटे शेजारच्या गावच्या फाट्यावर व्याही क्रेट रचून एकटेच उभे होते. माल चढवला, क्रेट त्यांनी स्वतः उचलले. पुढे जागा मधलीच होती. लांब पायांचा माणूस, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मधे घेऊन बसला. हे गिअर बदलायला हात नेत तेव्हा दोघंही "माफ करा", "माफ करा" म्हणत. इतका आदर मी लग्नातही पाहिला नव्हता.

चढ लागला. शिट्टी सुरू झाली. व्याही ताठ बसून समोर बघत होते, जणू काही ऐकूच येत नाही. माथ्याच्या जरा अलीकडे त्यांनी घसा खाकरला.

"व्याहीबुवा."

"बोला ना."

"जरा सोडून परत दाबता का?"

ह्यांनी पाय उचलला. गाडीनं सुस्कारा टाकला. मग पुन्हा दाबला, आणि ती आधीपेक्षा मोठ्यानं वाजली. व्याह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मिशीखालून सगळे दात दिसत होते.

"अजून एकदा," ते म्हणाले.