साक्याची फोड

मालिनीने आंबा विळीवर उभा चिरला आणि तिला बरंच वाटलं. वरून केशरी, डागाचा ठिपका नाही. आत कोयीजवळ पांढरट, रबरासारखा साका. तिने नेमकी तीच फोड दिराच्या ताटलीत ठेवली.

"घ्या भाऊजी. आणि तुमच्या त्या ख्रिस्ती साधूंना विचारा, हे काय आहे म्हणून."

सलिलने कागदांतून मान वर केली. तो मुंबईला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. संध्याकाळी इथल्या वाचनालयात त्याचं व्याख्यान होतं : मध्ययुगातला ख्रिस्ती विचार आणि आजचं धर्माचं तत्त्वज्ञान. त्याचे कागद दुपारभर पडवीतल्या झोपाळ्यावर होते आणि मालिनीने ते वाचले होते. न विचारता. दहावीनंतर तिने जे काही वाचलं ते असंच, कुणाला न विचारता.

"वाचलंत वाटतं."

"वाचलं. वाईट असं वेगळं काही नसतंच म्हणे! चांगल्याची उणीव, एवढंच. मठात बसून सुचायचंच असलं काहीतरी. पेज आयती हातात मिळत असणार."

"इतकं सोपं नाहीये ते. देवाने सगळं चांगलंच केलं, तर वाईट आलं कुठून? हे कोडं आजही सुटलेलं नाही, वहिनी. त्यांचं उत्तर अजून टाकून देता येत नाही."

"मला येतं."

गोपाळकृष्ण, तिचा नवरा आणि सलिलचा सख्खा थोरला भाऊ, गेल्या साली दिवाळीपासून शिमग्यापर्यंत माजघरात अंथरुणावर होता. सलिल तेव्हा एकदाही आला नाही. आला तो थेट दहाव्याला. का आला नाही, ते त्याने आजवर सांगितलं नव्हतं. आणि ते सांगेपर्यंत मालिनी त्याला जेवायला वाढणार होती, पण माफ करणार नव्हती.

"खा की. आणि नसलेल्या वस्तूला चव कशी असते ते सांगा मला. ह्यांच्या पोटात गाठ होती तीपण उणीवच का? डॉक्टरांनी चांगली लिंबाएवढी दाखवली होती."

सलिलचे कान लाल झाले. "तुम्ही अर्धंच वाचलंत," तो वर्गातल्या आवाजात म्हणाला. "नुसतं नसणं म्हणजे वाईट नव्हे. दगडाला डोळे नाहीत, म्हणून आपण दगडाला आंधळा म्हणत नाही. माणसाला म्हणतो. जे जिथे असायलाच हवं, ते तिथे नसणं, त्याला ते वाईट..."

तो थांबला.

मालिनीचा हात विळीवर तसाच राहिला. वर्षभर ती रागारागाने जे वाक्य जुळवत होती, ते त्यानेच तिच्यापेक्षा नेमकं करून पुढ्यात ठेवलं होतं.

"शेजारचे आले नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली.

सलिलने कागद सारखे केले. पुन्हा विस्कटले.

"दादा... काही बोलायचा?"

"कुंपणाच्या बेड्यापाशी गाडी थांबली की विचारायचे, सलिल आला का."

"तुम्ही काय सांगायचात?"

"मी सांगायचे, परीक्षा चालू आहेत, रजा मिळत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तुमच्या परीक्षाच."

"परीक्षा नव्हत्या, वहिनी."

"ठाऊक आहे. त्यांनाही होतं."

सलिलने साक्याची फोड उचलली. तोंड वाकडं न करता, सालीपर्यंत खाल्ली. मालिनीने त्याला थांबवलं नाही.

बाहेर, बेड्याच्या फाटकापाशी गाडी थांबली. वाचनालयाने त्याला न्यायला पाठवलेली. हॉर्न वाजला. सलिल उठला नाही. माजघराच्या दाराकडे बघत राहिला.

"ओ काकू," ड्रायव्हरने खालूनच हाक दिली, "सलिल सर आलेत का?"

"आलेत," मालिनी म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली. पण तिचं तोंड बेड्याकडे नव्हतं.