पेनबाईंचा आड

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत वाटायला ना बी होतं, ना खत. म्हणून सरपंचांनी मला, म्हणजे रिकाम्या बसलेल्या सेक्रेटरीला, एका इंग्रज बाईंच्या दावणीला बांधलं. ईट गावाच्या अलीकडं आमचं गाव. नदीकाठी पांढरी आहे, म्हणजे मोडून गेलेल्या जुन्या गावाचा उंचवटा. तिथली माती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या धाब्यांवर टाकत आलो. तीच माती ब्रशानं झाडायला मिस पेनफोल्ड विलायतेहून आल्या होत्या. गावानं त्यांच्या नावाची पेनबाई केली.

बाईंना मराठी यायचं, पण ते कुण्या पाद्र्याच्या जुनाट पुस्तकातून शिकलेलं. "व्यंकटराव, कृपा करून त्या खापरास शिवू नका," असं म्हणायच्या. हात लावणं म्हणजे शिवणं, एवढंच त्यांना ठाऊक. मी समजावायला गेलो, तर मलाच व्याकरण शिकवायला लागल्या. दिला नाद सोडून.

खड्ड्यात कामाला वस्तीवरच्या मथुराबाई होत्या. त्यांच्या घरानं छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, पण गावच्या विहिरीपर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती. वस्तीच्या बायका काठापासून लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. मला त्याची चीड यायची, आणि चीड येऊनही मी सोसायटीत बसून राहायचो. "मरायच्या आदी आडातून आपल्या हातानं पानी शेंदायचंय," मथुराबाई माती झाडता झाडता म्हणायच्या.

एके सकाळी भाजक्या मातीची, एकावर एक रचलेली गोल कडी लागली. पेनबाई लहान पोरीगत उड्या मारत ओरडल्या, "आड! आड सापडला!"

झालं! दुष्काळात हा शब्द असा मोठ्यानं उच्चारतात होय? अर्धा गाव घागरी, कळशा, दोर घेऊन धावला. आड दोन हजार वर्षांचा आहे, गळ्यापर्यंत बुजलेला आहे, हे ऐकायला थांबतो कोण! सरपंच आबाराव सगळ्यांत पुढं.

"पांढरी गावाची, म्हंजी आड बी गावाचा. वस्तीवाल्यांनी लांब बसावं," असा निकाल देऊन त्यांनी कड्यावर पाय ठेवला.

बाई लालबुंद झाल्या. हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या. "मागे सरा! या आडास कोणीही शिवू नका! केवळ मथुराबाई शिवतील!"

गाव गार पडला. हे शब्द जन्मभर आमच्या तोंडात होते, कानांवर पहिल्यांदाच पडत होते. आबारावांचा पाय आपोआप मागं आला.

"व्यंकटा, ही बाई काय म्हनायली?"

"मराठीच बोलायल्यात की," मी म्हणालो. इतका आनंद मला सोसायटीच्या एकाही सभेत झाला नव्हता.

मथुराबाई मातीतच बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग पदरानं डोळे पुसत गाळ काढायला लागल्या. पुढं कितीतरी दिवस त्या एकट्याच आडात उतरत होत्या. तळाशी मडकी निघाली.

"दोर तुटून पडल्यात. कुन्या बाईनं सासूच्या लई शिव्या खाल्ल्या असतील," त्या म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं. पेनबाईंनी गंभीरपणे मान हलवली.

मडक्यांखालची माती ओली लागली. सकाळी बघतो तर आडात गढूळ पाणी!

मथुराबाईंनी दोर सोडला आणि कळशी वर ओढली. एकामागून एक, वस्तीच्या सगळ्या घागरी भरल्या. आबाराव रिकामी घागर घेऊन लांबच उभे. सरकारी परवाना घेऊन आलेल्या बाईंपुढं बोलायची छाती होईना.

"मथुराबाई, जरा इकडं बी वता की," शेवटी ते म्हणाले.

मथुराबाईंनी कळशी उंच धरली. आता वरून ओतणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. पण त्यांनी कळशी खाली ठेवली आणि ओला दोर आबारावांपुढं धरला.

"माजं हात भरून आल्यात, सरपंच. आता तुमीच शेंदा. तुमी शिवलं तर चालतंय, म्हनून बाईला म्या सांगते."

आबारावांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि दोर धरला.